गाळाची टाकी आणि विजेचा हिशेब

नांदेड शहराला लागून गोदावरीच्या काठी असलेल्या विष्णुपुरीची मराठवाड्यातील पहिली ओळख पाण्याची आहे. असर्जनजवळ नदी अडवून तयार झालेल्या शंकरसागर जलाशयातून शहराला पिण्याचे पाणी मिळते, आणि या जलाशयावरील उपसा सिंचन योजना आशियातील मोठ्या योजनांपैकी एक म्हणून ओळखली जाते. नदीचे पात्र खोल आणि शेते उंचावर, अशा भूरचनेत पाणी आपोआप शिवारात पोहोचत नाही. ते पंपाने वर चढवावे लागते, म्हणून पाण्याची किंमत येथे आरंभापासून विजेच्या युनिटांशी बांधली गेली आहे. विष्णुपुरीची दुसरी ओळख शिक्षणसंस्थांची आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था, १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय या परिसरात आहेत. जेथे वसतिगृहे, निवासस्थाने आणि रुग्णालये उभी राहतात तेथे सांडपाणीही मोठ्या प्रमाणावर निर्माण होते, आणि जे पाणी वीज खर्चून वर आणले त्याच पाण्याला वापरानंतर स्वच्छ करण्यासाठी पुन्हा वीज खर्चावी लागते. या दुसऱ्या खर्चातील एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे गाळ साठवण्याची टाकी ढवळत ठेवण्यासाठी लागणारी वीज.

मलशुद्धीकरणाची आज सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या सक्रिय गाळ प्रक्रियेतून विकसित झाली आहे. सांडपाण्यात हवा सोडली की त्यातील सूक्ष्मजीव सेंद्रिय घाण खाऊन वाढतात, त्यांचे पुंजके बनतात, हे पुंजके शांत पाण्यात तळाशी बसतात आणि वरचे निवळलेले पाणी पुढे सोडता येते. तळाशी बसलेल्या गाळाचा काही भाग पुन्हा प्रक्रियेत घेतला जातो आणि वाढीव भाग बाहेर काढला जातो. बाहेर काढलेल्या या गाळात साधारण एक टक्का, किंवा त्याहूनही कमी, घन पदार्थ असतो आणि बाकी सारे पाणीच असते. ते पाणी वेगळे करण्यासाठी सेंट्रिफ्यूज, फिल्टर प्रेस किंवा वाळवण वाफे वापरले जातात. परंतु गाळ काढण्याची वेळ आणि तो दाबून कोरडा करण्याची वेळ एक नसते, म्हणून या दोहोंच्या मध्ये साठवण टाकी लागते. केंद्राच्या नकाशात ती कोपऱ्यात असते आणि पाहुण्यांना दाखवण्याच्या यादीत तिचे नाव नसते, तरीही पुढच्या साऱ्या टप्प्यांची शिस्त तिच्यावरच अवलंबून असते.

टाकी न ढवळता ठेवली तर काय होते, हे प्रेसवर काम करणाऱ्या ऑपरेटरइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. रात्रभर निवांत राहिलेल्या टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह सकाळी उघडला की प्रथम काळा, लोण्यासारखा दाट गाळ येतो. काही वेळाने तो पातळ होत जातो आणि शेवटी जवळजवळ गढूळ पाणीच वाहू लागते. गाळाचे कण एकत्र येऊन पाणी सुटावे म्हणून त्यात पॉलिमर नावाचे रसायन ठरावीक मात्रेत मिसळले जाते. ती मात्रा गाळातील घन पदार्थाच्या प्रमाणावर बेतलेली असते. दाट गाळाला बेतलेली मात्रा पातळ गाळाला पडली तर महागडे रसायन वाया जाते आणि प्रेसच्या गाळण-कापडाची छिद्रे बुजतात, तर पातळ गाळाला बेतलेली मात्रा दाट गाळाला अपुरी पडून प्रेसमधून दुधाळ पाणी निघते, केक, म्हणजे पाणी दाबून काढल्यावर उरलेला गाळ, ओला राहतो आणि प्रेसच्या प्लेटांना चिकटतो. म्हणजेच ढवळण्याचा पहिला हेतू पुढच्या यंत्राला एकसारखा गाळ देणे हा आहे. तळाशी घट्ट थर जमू न देणे आणि पृष्ठभागावर तेलकट साय धरू न देणे हे हेतू त्याच्या पाठोपाठ येतात.

लहान व मध्यम केंद्रांत हे काम बहुधा हवेवर सोपवले जाते. टाकीच्या तळाशी छिद्रे असलेल्या नळ्यांची जाळी बसवून ब्लोअरने हवा सोडली की पृष्ठभाग उकळल्यासारखा खदखदतो आणि पाहणाऱ्याला टाकी उत्तम ढवळली जात असल्याची खात्री पटते. या पद्धतीला काही खरे फायदे आहेत: टाकीत फिरणारा भाग नसतो, चिंध्या अडकत नाहीत, गाळाला प्राणवायू मिळत राहिल्याने दुर्गंधी कमी होते. तथापि तिचा विजेचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. समजा, टाकीत १०० घनमीटर गाळ आहे आणि तिच्यासाठी ५ अश्वशक्तीचा, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉटचा ब्लोअर दिवसरात्र चालतो. मोटार पूर्ण भार घेते असे धरले तर दिवसाला सुमारे ८९ युनिटे आणि वर्षाला ३२ हजारांहून अधिक युनिटे खर्च होतात. तेवढ्याच टाकीला १ अश्वशक्तीचा, पाण्यात बुडालेला यांत्रिक मिक्सर पुरेसा ठरला, तर तो अखंड चालूनही दिवसाला १८ युनिटे घेईल आणि दिवसातून एकूण आठ तास चालवला तर केवळ ६. प्रत्येक टाकीला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, कारण गाळाचा दाटपणा आणि टाकीचा आकार यांवर गरज ठरते. परंतु दोन पद्धतींमधील अंतर किती मोठे असू शकते, हे त्यांवरून कळते.

ढवळण्याचे मोजमाप कशाने करावे, या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीत दीर्घकाळ एका घनमीटरमागे खर्च होणाऱ्या वॉटमध्ये शोधले गेले. १९४३ मध्ये कॅम्प आणि स्टाइन यांनी द्रवाच्या एका थरापासून शेजारच्या थरापर्यंत वेग किती झपाट्याने बदलतो याचे सूत्र मांडले आणि त्या बदलाचा संबंध खर्च झालेल्या शक्तीशी जोडला. गढूळ पाण्यातील कण एकमेकांवर आदळवण्यासाठी हे सूत्र मोलाचे ठरले. मात्र साठवण टाकीत कणांची टक्कर घडवायची नसून साऱ्या टाकीतील गाळाला संथ गती द्यायची असते, आणि घनमीटरमागील वॉट हा आकडा किती शक्ती जिरली एवढेच सांगतो. ती पंख्याजवळच्या भोवऱ्यात जिरली की दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली, हे त्यावरून समजत नाही. म्हणून बुडीत मिक्सरची क्षमता आता त्याने द्रवाला दिलेल्या रेट्यावरून, म्हणजे थ्रस्टवरून मोजण्याची पद्धत रूढ झाली आहे.

या रेट्याच्या गणितातच विजेच्या बचतीचे मर्म आहे. पंख्याचा रेटा त्याच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, तर त्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, पंख्याचा व्यास दुप्पट केला आणि फेऱ्या एक चतुर्थांशावर आणल्या, तर रेटा तेवढाच राहतो, पण शक्ती निम्मीच लागते. लहान पंखा वेगाने फिरवला की शक्तीचा मोठा भाग जवळच्या खळबळीत नष्ट होतो; मोठा पंखा हळू फिरवला की तीच शक्ती मोठ्या प्रवाहाला संथपणे पुढे ढकलते. मोठ्या पात्यांचा संथ मिक्सर खरेदीला महाग पडतो, त्याला गिअरबॉक्स लागतो आणि बसवण्यास भक्कम आधार लागतो, हे खरे. परंतु वर्षानुवर्षे बिलात उतरणारा फरकही तितकाच खरा आहे.

येथपर्यंतचे गणित पाण्यासारख्या द्रवाला शोभणारे आहे. गाळ मात्र पाण्यासारखा वागत नाही, आणि या कामातील बरेच निर्णय याच जागी चुकतात. पाण्याला अगदी अल्प धक्का दिला तरी ते हलते. दाट गाळाला मात्र एका ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक ताण मिळेपर्यंत तो घन पदार्थासारखा जागचा हलत नाही. या मर्यादेला यील्ड स्ट्रेस म्हणतात. घन पदार्थाचे प्रमाण एक टक्क्यावरून चार-पाच टक्क्यांवर गेले की ही मर्यादा त्याच प्रमाणात न वाढता कितीतरी झपाट्याने वाढते. घट्ट दह्यात रवी फिरवली असता भोवतालचे दही पातळ होते आणि भांड्याच्या कडेचे दही जसेच्या तसे राहते, तसेच येथेही घडते: पंख्याभोवती हलत्या गाळाची एक पोकळी बनते आणि तिच्याबाहेरचा गाळ निश्चल राहतो. वरून पाहता पंखा फिरतो आहे, पृष्ठभागाचा एक भाग हलतो आहे आणि मीटरही पुढे सरकतो आहे. प्रत्यक्षात मात्र टाकीचा मोठा हिस्सा त्या ढवळण्यात सामील झालेला नसतो.

या गुणधर्मावरून चालवण्याची पद्धतही ठरते. मोटारीच्या फेऱ्या कमी-जास्त करणारे व्हीएफडी हे उपकरण बसवले की बचत आपोआप होते, असा समज सर्वत्र आढळतो. फेऱ्या वीस टक्क्यांनी कमी केल्या तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, हे पातळ गाळाच्या बाबतीत खरोखरच उपयोगी पडते. दाट गाळात मात्र कमी फेऱ्यांनी ती हलती पोकळी आक्रसते, आणि दिवसभर थोडी थोडी वीज घेऊनही कोपरे हलत नाहीत. अशा गाळाला पूर्ण वेगाने थोडा वेळ ढवळून मग विसावा देणे अधिक किफायतशीर ठरते, कारण जो गाळ सहजी हलत नाही तो सहजी खालीही बसत नाही. पातळ गाळ लवकर बसतो, पण त्याला उचलायला कमी शक्ती लागते. दाट गाळाला हलवायला अधिक शक्ती लागते, पण एकदा सारखा केला की तो बराच वेळ सारखा राहतो. टाकीतील गाळाची जात ओळखल्याशिवाय टायमर किंवा व्हीएफडी यांपैकी कशाचीही निवड करणे योग्य नव्हे.

विष्णुपुरी परिसरातील एका संकुलाच्या लहान मलशुद्धीकरण केंद्रावर प्रस्तुत लेखकाला आलेला अनुभव याच दिशेने नेणारा आहे. तेथील आयताकृती साठवण टाकी ब्लोअरच्या हवेने अखंड खदखदत असे आणि तरीही प्रेसचा केक एका दिवशी कोरडा, तर दुसऱ्या दिवशी चिखलासारखा निघे. पॉलिमर बदलून, त्याची मात्रा वाढवून आणि प्रेसचे कापड बदलूनही फरक पडत नव्हता. अखेरीस एका लांब नळीला बाटली बांधून, तिच्या बुचाला दोरी लावून, टाकीच्या चारही बाजूंना वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही पातळ्यांवरचे नमुने काढले गेले. बाटली हव्या त्या खोलीवर नेऊन दोरी ओढली की तेथलाच गाळ तिच्यात भरतो. हे नमुने १०३ ते १०५ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वाळवून तोलले असता, हवेच्या नळ्यांच्या थेट वर असलेला गाळ एकसारखा आणि दोन कोपऱ्यांच्या तळाचा गाळ त्याच्या कितीतरी पट दाट असल्याचे उघड झाले. मधल्या काही नळ्यांतून हवा जोराने निघत होती आणि कडेच्या नळ्यांची छिद्रे बुजली होती. म्हणजे जी खदखद पाहून सर्वांना समाधान वाटत होते तीच दोषाची खूण होती.

यावर जो उपाय झाला त्यात नवे यंत्र हा एक भाग होता आणि कामाच्या वेळा बदलणे हा दुसरा. टाकीच्या लांब बाजूने प्रवाह निघून समोरच्या भिंतीवरून वळेल अशा कोनात, मार्गदर्शक दांड्यावर वरखाली सरकवता येणारा एक संथ मिक्सर बसवण्यात आला. प्रेस सुरू होण्यापूर्वी पुरेसा वेळ आणि प्रेस चालू असेपर्यंत तो चालवायचा, इतर वेळी टायमरने अधूनमधून थोडाच वेळ, आणि पातळी पात्यांच्या खाली येण्याआधी तो आपोआप बंद व्हावा, असा क्रम लावला गेला. हवेचे काम ढवळण्यापासून वेगळे करून केवळ दुर्गंधी रोखण्यापुरते ठेवले. शिवाय मिक्सर बंद असताना वर साचलेले निवळ पाणी काढून घेता येऊ लागले, त्यामुळे प्रेसकडे जाणारा गाळ मुळातच दाट झाला. अखंड ढवळण्याच्या सवयीत ही संधी दडून राहिली होती. ढवळणे आणि घट्ट होऊ देणे ही दोन्ही कामे एकाच टाकीकडून, पण वेगवेगळ्या वेळी करून घेता येतात. केक एकसारखा निघू लागला तेव्हा वीज आणि रसायन या दोन्ही नोंदी एकत्रच उतरल्या.

विसावा देण्यालाही मर्यादा आहे, आणि मराठवाड्याचा उन्हाळा ती मर्यादा लवकर गाठतो. मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या तापमानात गाळातील प्राणवायू अल्पावधीत संपतो, त्याविना जगणारे जीवाणू काम सुरू करतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू गाळात साचतो. दीर्घकाळ शांत राहिलेली टाकी ढवळायला घेतली की हा साचलेला वायू पहिल्या काही मिनिटांत एकदम बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या वरच्या मोकळ्या भागात आणि लगतच्या खड्ड्यांत साठतो, आणि प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास कळेनासा होतो, म्हणून वास येत नाही यावरून धोका नाही असे समजणे जिवावर बेतू शकते. मिक्सर सुरू होण्याच्या वेळी टाकीवर कोणी वाकलेले नसावे, टायमरवरील यंत्राची दुरुस्ती करताना मुख्य स्विच कुलूपबंद असावा, आणि टाकीत माणूस उतरवण्याची वेळच येऊ नये, यांपैकी एकही दक्षता ऐच्छिक नाही. मलवाहिन्या आणि मलटाक्यांच्या धोकादायक सफाईला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यामागील तत्त्व गाळटाकीलाही तितकेच लागू आहे. मिक्सर वरूनच उचलून काढता येईल अशी रचना करणे हे या दृष्टीने ऊर्जेच्या बचतीइतकेच महत्त्वाचे आहे.

पावसाळ्याचे प्रश्न निराळे. या भागातील काळी माती पावसाच्या पाण्याबरोबर मलवाहिन्यांत शिरते. तिचा बारीक अंश गाळात मिसळतो आणि वाळू तळाशी जमते. ही वाळू मिक्सरने उचलून धरावी अशी अपेक्षा ठेवली तर त्याची शक्ती अनेक पटींनी वाढवावी लागेल; वाळू अडवणे हे काम वास्तविक सुरुवातीच्या वाळूकुंडाचे आहे. तसेच चिंध्या, केस, प्लॅस्टिक आणि दोऱ्या जाळीतून निसटून आल्या की पात्यांना गुंडाळल्या जातात, मोटारीचे अँपिअर हळूहळू चढतात आणि रेटा घटतो. जाणता वायरमन पॅनेलवरचा अँपिअरचा काटा पाहूनच मिक्सर वर घेण्याची वेळ झाली हे ओळखतो. वीज गेल्यानंतर बसलेला गाळ पुन्हा हलवताना सुरुवातीचा भार अधिक असतो, म्हणून मोटार निवडताना तेवढी ताकद राखीव हवी. पण ती दिवसभर खर्च करत राहण्याचे कारण नाही.

एवढे सारे कळूनही जुनी पद्धत टिकते, याचे मुख्य कारण निविदेच्या कागदात आहे. त्यात मिक्सरची किंवा ब्लोअरची अश्वशक्ती लिहिलेली असते, गाळ किती टक्के दाट असेल आणि तो टाकीभर किती सारखा राहिला पाहिजे हे लिहिलेले नसते. आणि निवड होते ती खरेदीच्या सर्वांत कमी किमतीवर. जो यंत्र विकतो तो वीजबिल भरत नाही आणि जो बिल भरतो त्याला यंत्र निवडण्याचा अधिकार नसतो. याऐवजी तीन पातळ्यांवरील नमुन्यांत घन पदार्थाचा फरक अमुक मर्यादेत राहावा, त्यासाठी दिवसाला अमुक युनिटांपेक्षा अधिक वीज लागू नये, आणि तुलना खरेदीसह पुढील पंधरा वर्षांच्या विजेच्या व देखभालीच्या खर्चावर व्हावी, अशी अट घातली तर संथ, मोठ्या पात्यांचा मिक्सर स्वतःच्या गुणांवर निवडला जाईल.

नांदेडसारख्या शहरात या हिशेबाला व्यापक अर्थ आहे. २००८ मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी या शीख सोहळ्याच्या सुमारास जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहरात पायाभूत सुविधांची मोठी कामे झाली आणि मलनिस्सारण हा त्यांचा एक भाग होता. अशी कामे उभी करण्यासाठी अनुदान मिळते. ती चालवण्यासाठीची वीज मात्र स्थानिक संस्थेला दरमहा स्वतःच्या तिजोरीतून भरावी लागते. सक्रिय गाळ प्रक्रियेत विजेचा सर्वांत मोठा वाटा, सर्वसाधारणपणे निम्मा किंवा त्याहून अधिक, मुख्य टाकीला हवा देण्यासाठी जातो आणि गाळाच्या टाकीचा वाटा त्यामानाने लहान असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु मुख्य टाकीतील हवा एका मर्यादेपलीकडे कमी केली तर शुद्धीकरणच बिघडते. गाळटाकीतील वायफळ खदखद थांबवल्याने मात्र कशाचेही नुकसान होत नाही, उलट पुढचे काम सुधारते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळाने शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे मोल या संपूर्ण पट्ट्याला शिकवले आहे. ते पाणी पुन्हा वापरायचे असेल तर शुद्धीकरण केंद्र वर्षाचे बाराही महिने चालले पाहिजे, आणि ते तेव्हाच चालते जेव्हा त्याचे बिल भरणे आवाक्यात असते.

गाळ किती जोराने हलतो यापेक्षा तो केव्हा, कशासाठी आणि कुठपर्यंत हलला पाहिजे, हा प्रश्न विचारण्याची सवय लागणे ही या अनुभवांतून हाती आलेली मुख्य गोष्ट होय. त्यासाठी महाग उपकरणांची गरज नाही. केंद्राच्या नोंदवहीत गाळाच्या टक्केवारीशेजारी ढवळण्याचे तास आणि युनिटे लिहिण्यासाठी एक रकाना वाढवला, आणि दर महिन्याला टाकीच्या कोपऱ्यांतून तळाचे नमुने घेतले, तर कुठल्याही ऑपरेटरला आपल्या टाकीचे खरे वर्तन समजू शकते. गोदावरीत जाणारे पाणी स्वच्छ असावे असे मनापासून वाटणाऱ्या प्रत्येक संस्थेने या रकान्यापासून आरंभ करावा, कारण जी वीज मोजली जाते तीच वाचवता येते, आणि जे केंद्र आपली वीज वाचवते तेच नदीच्या उपयोगी पडण्याइतके दिवस चालू राहते.